एकेक नाकपुडी

गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता टेलरमास्तरांनी टेप गळ्यात टाकली, मान मागे केली आणि नाकात थेंब सोडले. गिऱ्हाईक बिचारं हात पसरून तसंच उभं.

"अडतीस," मास्तर छताकडे बघतच म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी सर्दी झाली म्हणून ती बाटली आणली होती. तेव्हा एक थेंब टाकला की रात्रभर नाक मोकळं. मग दोन लागले, मग चार, आणि आता दिवसभर टाकूनही नाक चोंदलेलंच. मशीनच्या खणात एक बाटली, खिशात एक, उशीखाली एक. वास म्हणजे काय हेच ते विसरले होते. त्याचंही त्यांनी फारसं मनावर घेतलं नसतं, पण बायकोने एक दिवस गादी उचलली आणि ती बाहेरच्या खोलीत झोपायला गेली. तुमच्या सूंसूंमुळे डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणाली. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर एकटं झोपणं मास्तरांना मुळीच सोसवेना.

शेवटी नाक मुठीत धरून ते डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"सर्दी केव्हाच गेली, मास्तर," त्या म्हणाल्या. "तुमच्या नाकाला थेंबांची सवय झालीय. औषध ओसरलं की आतून आणखी सुजतं, आणि तुम्ही आणखी टाकता."

एकदम सगळं सोडणं जमायचं नाही, म्हणून त्यांनी युक्ती सांगितली. आधी फक्त उजव्या नाकपुडीचे थेंब बंद करायचे. ती सुधारली की मग डावी.

उजवी ठार बंद झाली. मास्तर डाव्या नाकपुडीवर जगू लागले. घरात बाळंतीण असावी तशी गिऱ्हाइकं "उजवी कशी आहे?" म्हणून चौकशी करून जात. ती सुटली, तर डावीने छळ मांडला. त्या वैतागात मास्तरांनी एका पँटचे दोन्ही खिसे उजवीकडे शिवले. पण बाटलीला हात लावला नाही, कारण गादी परत आणायची होती.

आणि एका सकाळी त्यांना वास आला. दूध करपत होतं. गॅस बंद करायचा सोडून मास्तर समोर उभे राहून ते मनसोक्त हुंगत राहिले. मग तडक बाहेरच्या खोलीत गेले. बायको चादरीची घडी घालत होती. तिला काही न विचारता त्यांनी वाकून गादी उचलली आणि तिथेच थबकले.

"हा मलमाचा वास कसला गं?"

बायको चादरीची टोकं जुळवत राहिली.

"गुडघ्यांचा. रात्री ठणकतात. मग उठून फेऱ्या मारते."

"कधीपासून?"

"झालं की दीड वर्ष. तुमची झोपमोड व्हायची, म्हणून इकडे आले. कारण काहीतरी सांगायला हवं होतं, नाक आयतंच होतं." ती जराशी हसली. "आधी बोटभर मलम पुरायचं. आता ट्यूब संपते तरी काही वाटत नाही."

एकाच घरात राहून आपल्याला पत्ता नव्हता, याची मास्तरांना भयंकर लाज वाटली. त्यांनी तिची गादी होती तिथेच पुन्हा अंथरली, आत गेले आणि आपली गादी ओढत बाहेर घेऊन आले.

"अहो, आता तुम्हाला वास येईल," बायको म्हणाली.

"येऊ दे," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी आपली गादी तिच्या गादीला लावली.