परकरांच्या काउंटरमागची पट्टी

मेन रोडवरच्या साडीच्या दुकानात २००४च्या दिवाळीआधी कॅमेरा बसला. पल्लवीने पहिल्याच दिवशी त्याला काय दिसतं ते टीव्हीवर पाहून घेतलं. परकरांच्या काउंटरपासून मागच्या दारापर्यंतची पट्टी तेवढी त्यात येत नव्हती. तिने साड्या सोडून परकरांचं काउंटर मागून घेतलं. कमिशन निम्मं झालं, तरी तिची तक्रार नव्हती. नवऱ्याने मोडलेला हात गळ्यात बांधून ती सटाण्याहून निघाली होती. आपण कुठे आहोत ते त्याला कळू नये, एवढंच तिला हवं होतं.

वर्षभर निभावलं. मग लग्नसराईत एक म्हातारी गिऱ्हाईक साड्यांपुढे कोसळली. पल्लवी पाणी घेऊन धावली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. तेवढ्यात म्हातारीच्या सोबतिणीने दोन पैठण्या लांबवल्या. पाणी पिऊन म्हातारीही निघून गेली.

दुकानाचे मालक दिनेशशेठनी कॅमेऱ्याची टेप केबलवाल्याला दिली. शहराच्या बातम्यांत दाखवून चोर ओळखायचे होते.

"शेठ, माझं तोंड तेवढं झाकायला सांगा."

"का गं? साड्या तू नेल्यास?"

"नवरा शोधत येईल."

"येऊ दे की. चहा पाजू त्याला."

बातमी तीन दिवस चालली. म्हातारीला कोणी ओळखलं नाही. पल्लवीला मात्र सिडकोतल्या, नवऱ्याच्या आतेभावाने ओळखलं.

चौथ्या दिवशी नवरा, दत्तू, दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, जोडलेले हात. पल्लवी परकरांच्या गठ्ठ्यामागे खाली बसली.

"शेठ, ती मनी बायको शे. घर सोडीसन गई."

शेठनी खरंच चहा मागवला. "चंद्रभागे, पल्लवीला बोलव. माणूस समजूतदार दिसतोय."

चंद्रभागा आणि पल्लवी पंचवटीत एकाच खोलीत राहायच्या. चंद्रभागेला ती गठ्ठ्यामागे बसलेली दिसली. "आत्ता इथंच होती," ती म्हणाली.

"मग खोलीवर गेली असेल. पत्ता सांग यांना."

 शेठनी दोनदा विचारलं, तेव्हा चंद्रभागेने पत्ता सांगितला.

पत्ता ऐकून पल्लवी वाकूनच मागच्या दाराने बाहेर पडली. चपला आत राहिल्या. शेठनी मागाहून टेप फिरवून पाहिली असणार. त्यात ती दिसली नसेल.

मुंबई नाक्यावर घोटीची जीप भरत होती. ती मागच्या बाकावर, पदर पुढे ओढून बसली. घोटीत साड्यांची दुकानं किती आणि त्यातल्या कितींनी कॅमेरे बसवलेत, हे तिला माहीत नव्हतं.