पियानोनं दिलेली ओ

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पियानोपाशी उभा राहून ट्यूनरकाका सांगत होता, "देह म्हणजे लाकूड, आत्मा म्हणजे तार! लाकूड किडतं, तार बोलते. वहिनी, मारा हाक."

"अहोऽ!" आईनं हाक मारली.

पट्ट्यांना कुणाचा हात नव्हता, तरी आतून खोल, घुमता आवाज आला, "ओऽऽ..."

गर्दीत हुंदके फुटले. किराणावाल्यानं हात जोडले.

लेकीच्याही अंगावर काटा आला. संगीतशाळा चालवणारे, सगळ्यांचे 'सर' असलेले बाबा नुकतेच गेले होते. पियानोचे सूर जुळवून देणारा ट्यूनरकाका त्यांचा जिवलग. लहानपणी तिला उचलून पियानोच्या पोटातल्या तारा त्यानंच दाखवल्या होत्या.

"सरांची इच्छा आहे," काका म्हणाला, "संगीतशाळा मी चालवावी. आणि लेकीनं या पियानोला हात लावू नये. ते दुखावतात."

आईनं निमूट मान डोलावली.

हात लावू नये? लेकीला तिथंच खटकलं. शिवाय ते घुमणं! या जुन्या पियानोत पट्टी सोडली तरी तारेला गप्प करणारी फेल्टची गादी उशिरा खाली यायची, सूर एकमेकांत मिसळायचे. म्हणून साऱ्या गाद्या एकदम उचलणाऱ्या पेडलला बाबा पाय लावत नसत. एकेक सूर सुटा, टिपून वाजवायचे. तीच त्यांची शैली झाली होती. असा माणूस मेल्यावर घोंघावेल?

तिनं वाकून पियानोची खालची फळी काढली.

"अगं, थांब!" काका किंचाळला.

आत पेडलच्या दांडीखाली पाचर ठोकलेली होती. साऱ्या गाद्या तारांवरून उचललेल्या.

"तुम्ही मारा हाक," ती किराणावाल्याला म्हणाली.

तो गोंधळून ओरडला, "ऐकलं काऽ!"

"आऽऽ..." पियानोनं त्यालाही ओ दिली. कुणीतरी फिसकन हसलं.

"तार मोकळी असली की तिच्या सुराशी जुळणाऱ्या आवाजानं ती आपोआप थरथरते. आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो," असं म्हणत तिनं पाचर उपटली.

"अहोऽ!" आईनं पुन्हा हाक मारली. पियानो गप्प. तिनं आणखी एकदा मारली. मग ती खाली बसली.

"भावोजी, रोज मला माझाच आवाज ऐकवत होतात?"

"वहिनी, तुमच्या समाधानासाठीच..."

"माझ्या? की शाळेसाठी?"

काकानं हत्यारांची पिशवी उचलली आणि तो बाहेर पडला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. लेकीला जिंकल्यासारखं वाटलं नाही. बाबांमागून आज काकाही गेला होता.

"मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर?" किराणावाल्यानं विचारलं.

"ठेवा की," ती डोळे पुसत म्हणाली, "पण आधी उघडून बघा. जो उघडू देत नाही, त्याच्यावर ठेवू नका."