पुलाचा शुक्रवार

जर्मनीतल्या झ्विकाऊमध्ये आम्ही खोटे दात बनवतो. सहा माणसं, एक भट्टी, एक मालक. आनेग्रेट लोफलर दात मेणात घडवून धातूत ओतते आणि मी त्यावर पोर्सेलिन चढवते. चौदा वर्षं तिच्या हातातून माझ्या हातात दात येतायत.

मे महिन्यात येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी गुरुवारी येते. शनिवार-रविवार सुट्टीच. मधला शुक्रवार म्हणजे दोन्ही सुट्ट्या जोडणारा, पुलाचा दिवस. त्याची रजा मिळाली की सलग चार दिवस मोकळे. या एका शुक्रवारासाठी चांगली चर्चमध्ये जाणारी माणसं एकमेकांचे गळे धरतात. आम्हा दोघींपैकी एक कामावर लागतेच, आणि जिचं मूल शाळेत तिचा हक्क आधी. त्यामुळे अकरा वर्षं तो शुक्रवार आनेग्रेटने खाल्ला. मला मूल नाही. मी गप्प बसले.

यंदा गप्प बसणार नव्हते. माझ्या आईचे डोळे चाललेत. नजरेच्या मधोमध काळा डाग आहे आणि तो पसरतोय. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत दिसेल असं धरून चाला. आईला प्रागचं जुनं घड्याळ बघायचंय, तासाला खिडकीतून फिरून जाणारे ते लाकडी पुतळे. एकोणिसाव्या वर्षी गेली होती, तेव्हा पुढच्या माणसाच्या टोपीशिवाय काही दिसलं नाही. मी सगळं ठरवलं होतं. तळमजल्यावरची खोली, पायरी न चढता शिरता येईल अशी ट्राम, सकाळी नऊला घड्याळासमोर, गर्दी जमायच्या आत. नदीवरचा दगडी पुतळ्यांचा पूल दुसऱ्या दिवशी, कठड्याला धरून. एक दिवस नुसता बसायला.

जानेवारीत कॉफीच्या यंत्राशेजारी रजेची यादी लागली. पहिलं नाव माझं. तिसऱ्या दिवशी त्यावर लाल रेघ आणि वर 'आनेग्रेट'.

"हे तू केलंस?"

"अगं, दरवर्षी मीच जाते की!"

"तुझी फ्रांका एकोणीस वर्षांची घोडी झाली. न्हाव्याच्या दुकानात केस कापायला शिकते. कुठल्या शाळेत जाते ती?"

"चालत आलेलं असतं काहीतरी, गुडरून. आम्ही मैत्रिणी प्रागला चाललोय. ठरलंय सगळं."

"मीही प्रागलाच चाललेय. आईला घड्याळ दाखवायला."

ती सगळ्यांदेखत हसली. "आंधळीला घड्याळ? त्यापेक्षा रेडिओवर टोले ऐकव तिला!"

मागे कुणीतरी खिदळलं. मालक वेत्सल दारातूनच म्हणाले, "बायांनो, आपसात मिटवा," आणि पळाले.

दहा वर्षांपूर्वी नाताळच्या जेवणात ग्लासला ग्लास लावून आनेग्रेटने आणि मी 'तुम्ही' सोडून एकमेकींना 'तू' दिलं होतं. आमच्याकडे ते एकदा दिलं की मरेपर्यंत. परत घेणं म्हणजे तोंडावर थुंकणं.

मी परत घेतलं.

"लोफलर बाई," मी म्हणाले, "आजपासून मी झायडल बाई. आणि मला 'तुम्ही' म्हणायचं."

"काय गं, डोकं फिरलं का?"

"'काय हो', लोफलर बाई."

आता कुणी खिदळलं नाही.

पूर्वी ती टेबलावरून ओरडायची, "अगं, याचा रंग जरा पिवळट घे!" आता मला चिठ्ठी लागे, सहीसकट. "लोफलर बाई, आपल्या चिठ्ठीत रंगाचा क्रमांक नाही. कृपया भरून द्यावा." दात परत तिच्या टेबलावर. "लोफलर बाई, आपला सात सुवाच्य नाही." दात परत. एक शिवी दिली नाही, एक नियम मोडला नाही. तिसऱ्या आठवड्यात एका डॉक्टरचा फोन आला, नवरी लग्नाला उभी आहे आणि समोरचा दात नाही.

वेत्सल लालबुंद होऊन आले. "झायडल बाई, थांबवा हे!"

"काय थांबवू? सभ्यपणा?"

आनेग्रेटने हातातली सुरी आपटली. तिचे डोळे भरले होते. "घे बाई तो शुक्रवार! आईबद्दल बोलले ते चुकलंच माझं. पण मला 'तू' म्हण. हे ऐकवत नाही गं मला, घरी जेवण जात नाही."

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

"शुक्रवार घेते, लोफलर बाई," मी म्हणाले. "आभारी आहे."

तिने स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव खोडलं.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती भिंग घेऊन माझा प्रवासाचा कागद वाचत होती, एकेक अक्षर डागाच्या बाजूला सरकवून.

"आणि त्या बाईला 'तू' परत दिलंस?"

"नाही."

"नंतर देशील?"

"माहीत नाही."

"घाई करू नकोस," आई म्हणाली आणि पुन्हा भिंग टेकवलं. "नऊला म्हणजे आठला निघायचं. पुढे उभं राहायचंय मला. कुणी टोपीवाला आडवा आला तर तू बोल, तुला येतं."