आधी पाय धुवा

रोज सकाळी उठून मसणात फिरायला जाणारं जोडपं अख्ख्या ॲन आर्बरमध्ये आमचंच असेल. हौस माझी नव्हे, आमच्या ह्यांची, उल्हासची. उभा जन्म पुलांची गणितं केली, रिटायर झाले आणि युनिव्हर्सिटीतली म्हाताऱ्यांसाठीची लेक्चरं ऐकायला लागले. त्यात एकदा अथेन्समधलं अडीच हजार वर्षांपूर्वीचं स्मशान निघालं. झालं! घरी आले ते जेवण राहिलं बाजूला, मला सांगत बसले.

"अगं सुलू, कुंभारांची वस्ती होती तिथे. अथेन्सचा कुंभारवाडाच म्हण. वेशीतून रस्ता बाहेर पडतो आणि दोन्ही बाजूंना थडगी. ऑक्टोबरमध्ये जाऊ या. चालत बघायचं सगळं."

"लोक म्हातारपणी बायकोला काशीला नेतात," मी म्हटलं. "तुम्ही मला परक्यांच्या मसणात न्या."

पण तिकिटं काढलीच. दोन हजार सहा, एकवीस ऑक्टोबर. ह्यांचा उजवा गुडघा बदललेला, म्हणजे चालायचा सराव हवा. म्हणून मग घराजवळची सिमेट्री. तेही साधं फिरणं नाही, इंजिनिअर ना! अथेन्सचा नकाशा वहीत काढला आणि पावलं मोजून इथल्या सिमेट्रीवर बसवला. लोखंडी फाटक म्हणजे नगराची वेस. पावसाचं पाणी वाहून नेणारा चर म्हणजे तिथला ओढा. कुणा मिलरचा ग्रॅनाइटचा खांब म्हणजे थडग्यावरचा दगडी बैल. त्या बिचाऱ्या मिलरला काय कल्पना!

चालता चालता सांगत राहायचे. प्रेताला घरच्या बायकाच आंघोळ घालायच्या, तेल लावायच्या. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बाहेर काढायचे. मग नववा दिवस, तिसावा दिवस. थडग्यावर तेलाची कुपी ठेवायची, दगडाला फीत बांधायची. "आपल्यासारखंच की हो," असं माझ्या तोंडून निघून गेलं की स्वारी खूश.

रस्त्याच्या शेवटी मेपलखाली एक बाक होतं. तिथे ते बसायचे आणि हात पुढे करायचे. "इथे एक कोरलेला दगड आहे असं समज. गेलेला माणूस खुर्चीत बसलाय, मागे राहिलेला समोर उभा आहे, आणि दोघांनी एकमेकांचा हात धरलाय. बस, एवढंच. रडारड नाही. दे हात."

"काय मेलं अभद्र बोलता! शिवू नका मला इथे."

एकदाही दिला नाही मी हात. कारण माझा नियम पक्का. मसणातून आलं की गॅरेजच्या दाराशी पाय धुवायचे आणि कशाला न शिवता थेट वर जाऊन आंघोळ. अडतीस वर्षं अमेरिकेत काढली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. न्यू जर्सीत डॉक्टर असलेली आमची लेक चारुता फोनवर हसायची, "आई, इट्स जस्ट ग्रास!" हे मात्र माझी बाजू घ्यायचे. तिला सांगायचे, "ग्रीक लोकही तुझ्या आईसारखेच होते. मयताच्या घराबाहेर पाण्याचं भांडं ठेवायचे. जाताना प्रत्येकानं अंगावर शिंपडून घ्यायचं. पाणी मात्र शेजाऱ्यांकडून आणायचं, घरचं विटाळलेलं ना!"

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी घरात गणपती होते. "आज तरी जाऊ नका," मी बजावलं. तरी गेलेच. माझं डोकं फिरलं. मी सोवळ्यात पुरण वाटत होते, तेवढ्यात हे गॅरेजच्या दारात आले आणि पायरीवर बसले. चेहरा घामानं निथळत होता. म्हणाले, "सुलू, जरा हात दे."

मला वाटलं, तीच ती बाकावरची थट्टा. तीही गणपतीच्या दिवसांत! मी म्हटलं, "आधी पाय धुवा. आंघोळ करा. मग बघू हात."

उठले. पाय धुतले. कठडा धरून सोळा पायऱ्या चढले. वर नळ सुरू झालेला ऐकू आला आणि मी पुरणाकडे वळले. नळ बंद होईना, तेव्हा मी वर गेले.

सगळ्यांना सांगितलं, बाथरूममध्ये अचानक गेले. चारुतालाही तेच. खोटं नव्हतं ते, पण निम्मंच होतं.

एकवीस ऑक्टोबरला मी एकटी राहू नये म्हणून चारुता आली होती. ती झोपेत असतानाच मी वही घेऊन निघाले. फाटक, चर, मिलरचा खांब. ह्यांनी मोजलेली पावलं मला जास्त भरत होती. मी बुटकी. बाकापाशी पोचले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या समोरच्या जागी उभी राहिले. हात पुढे केला. बाकावर नुसती पिवळी पानं. हात तसाच धरून मी ढसाढसा रडले. द्यायचा होता हो हात. काय जाणार होतं माझं? गणपतीबाप्पा काय मोदक टाकून उठून गेला असता?

घरी आले तर चारुता गॅरेजच्या दाराशी उभी. पायरीवर तांब्या भरून ठेवलेला.

"कोपऱ्यावरच्या शुभामावशीकडून पाणी आणलं," ती म्हणाली. "बाबा सांगायचे ना, शेजाऱ्यांचं लागतं. आय थॉट, तुला बरं वाटेल. आई, आधी पाय धू."

एवढं हसणारी पोर, आणि माझंच वाक्य माझ्यापुढे ठेवलंन. मी त्याच पायरीवर बसले.

"चारू, हात दे."

"हो, पाय धू, मग..."

"आधी हात दे."

तिनं दिला. आणि मी सगळं सांगून टाकलं. घाम सांगितला, मागितलेला हात सांगितला, सोळा पायऱ्या सांगितल्या. ती ऐकत राहिली. मग तिच्यातली डॉक्टर बोललीच, "किती वेळानं वर गेलीस?"

"पुरण वाटून झाल्यावर."

तिनं डोळे मिटून घेतले. 'असू दे' म्हणाली नाही. 'तुझा काय दोष' म्हणाली नाही. ती हात सोडेल म्हणून मी वाट बघत होते, सोडला असता तरी माझं काही म्हणणं नव्हतं. मग माझा हात तसाच धरून ती खाली वाकली, दुसऱ्या हातानं तांब्या उचलला आणि माझ्या पायांवर पाणी घातलं.