आंबिलीतली पुडी

मास्तरांचे गाल भरले तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण भेटायला येणारा जो तो म्हणे, "तब्येत सुधरली बगा," आणि मीही फुशारून जाई.

शहाऐंशी साली शाळेच्या पत्र्यावरून पडून माझ्या नवऱ्याचा, आमच्या मास्तरांचा, मणका मोडला. औरंगाबादला ऑपरेशन झालं. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मणक्यांत बसवला. तो जुळला तर माणूस चालणार, नाही तर पुन्हा कापाकापी, आणि त्यानंतरचीही हमी कोणी देईना. सोनपेठला घरी आणलं तेव्हा पाठ सुजलेली, हाताला गरम लागायची. मास्तर सारखे कण्हायचे. चौथ्या दिवसापासून कण्हणं एकाएकी थांबलं. मी खूश. सासूबाई, म्हणजे कडूबाई, माझ्याहून खूश.

महिन्याभराने एका सकाळी सासूबाई लेकाला ज्वारीची आंबील पाजत होत्या. दोघांची तोंडं शेजारी शेजारी दिसली. सारखीच गोल, सारखीच सुजट. मी वाटी हिसकावली. तळाशी पांढरी भुकटी!

"ह्ये काय, आत्याबाई?"

"माझ्या गुडघ्याची पुडी. बाजारातली. मला आराम पडतो, मग लेकराला का न्हाई? तुला इचारलं असतं तर तू घालू दिली असतीस व्हय?"

नसतीच दिली. उरलेल्या पुड्या पिशवीत घालून मी एसटीने परभणी गाठली. हाडांच्या डॉक्टरांनी मास्तरांच्या तोंडाची सूज, वाढलेली भूक, सगळं विचारलं आणि कपाळाला हात लावला.

"यात स्टेरॉइड असणार, तोंड त्यानंच सुजलंय. बाई, पाठीची सूज म्हणजे दुरुस्तीचं काम होतं. हाड मोडलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी आधी तिथं धावतात. जंतूंशी लढतात ना, त्याच. मेलेलं साफ करतात, मग हाड बांधणाऱ्या पेशींना बोलावतात. ही पुडी त्यांनाच हाकलून लावते. दुखणं थांबतं, पण कामही थांबतं."

"मग आजच बंद करते."

"एकदम नाही, अंगाला सवय झालीय, जिवावर बेतेल. मी त्याच औषधाच्या गोळ्या देतो, त्या कमी कमी करत न्या. दुखेल. दुखू द्या."

दुखलं. मास्तर पुन्हा कण्हायला लागले आणि मी उंबऱ्यात बसून ते ऐकत देवाचे नाही तरी डॉक्टरांचे आभार मानत होते. असली बायको कोणाला मिळू नये. सासूबाईंशी मात्र मी दोन महिने एक अक्षर बोलले नाही. भाकरी पुढे सरकवायची आणि उठायचं. त्या लेकाच्या खाटेशी बसायच्या, पण त्याला पाण्याचा तांब्याही द्यायला धजायच्या नाहीत.

मग जीप करून मास्तरांना आडवं घालून परभणीला नेलं. डॉक्टरांनी नवा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. किती वेळ बघत होते! माझा जीव टांगणीला.

"उशीर लागला," ते म्हणाले, "पण हाड दोन्हीकडून धरलंय. पुढच्या महिन्यात पट्टा बांधून उभं करू."

मास्तर हसले. मी ढसाढसा रडले. जीपमधून बरोबर आलेल्या सासूबाई दारातच उभ्या होत्या, आत येईनात.

"डाक्टरसायब, माझ्या हातानं लेकराचं वाटोळं झालं न्हाई ना?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई झालं, आत्याबाई," मी म्हणाले, आणि मग दोन महिने तोंडात दाबून ठेवलेलं सगळं भांडण तिथंच, सगळ्यांसमोर, काढलं. त्या डोळे पुसत मान डोलवत होत्या.

"बोल, पंचफुला, बोल. लय दिवसांनी बोलायलीस."