डोळ्यामागचं सैपाकघर

अंजनाने पाटीवरचं चित्र तळहाताने पुसलं. सैपाकघर याही वेळी उलटं आलं होतं: जमीन वर, कौलं खाली, आणि ते सगळं पुढच्या ओसरीवर लोंबकळत.

"परत पुसलंस?" तांदूळ निवडता निवडता तिची आई फुलाबाई म्हणाली. "यष्टी तुझ्या गणितापायी थांबायची न्हाई."

"जाऊ दे. पुढच्या आठवड्यात जाईन."

"मागल्या आठवड्यातबी हेच म्हनलीस, बये."

मुंबईच्या संस्थेत खोलीभर यंत्र आलं होतं. कोपऱ्यांचे आकडे दिले की ते चित्र काढणार होतं, आणि आकडे रचायला त्यांना अंजना हवी होती. पहिला नमुना म्हणून तिने वेल्ह्याचं हे घर घेतलं. घर बांधताना आधी मधली मेढ, म्हणजे छपराचा मुख्य खांब, रोवतात, म्हणून मापंही तिने मेढीपासून घेतली. फुलाबाईने दोरी धरली. आणि बघणाऱ्याचा डोळाही तिने मेढीपाशीच ठेवला, ओसरीकडे तोंड करून; सैपाकघर त्याच्या मागे राहिलं. अंतराने भागलं की लांबचं लहान होतं. पण डोळ्यामागचं अंतर उणे येतं, आणि उण्याने भागलं की वस्तू डोक्यावर उभी राहते.

"मंजी चूक घावली न्हाई अजून?"

"घावली. पहिल्याच दिवशी." अंजना उठली, दारापर्यंत गेली, परत आली. "डोळ्यामागं असंल ते आधी कापून टाकायचं. मगच भागायचं."

"मग काप की."

"सैपाकघर कापू? तू असतीस तिथं."

फुलाबाईने एक खडा वेचून अंगणात भिरकावला. "चित्रातलंच कापायचं ना? का चुलीवर कुऱ्हाड घालनारेस?"

अंजना हसली नाही. पाटी उचलून ती बाहेर पडली.

"आता कुठं?"

"डोळा मागं नेते. म्हंजी समदं घर पुढ्यात येईल. कापायला नको."

घराकडे तोंड करून ती उलट्या पावलांनी अंगण ओलांडून गेली. गोठा गेला, बांध आला. फुलाबाई सूप ठेवून दारात येऊन उभी राहिली.

"आलं का समदं?" तिने हाळी दिली.

कौलं, ओसरी, मागचं धुराडं, दारातली आई. सगळं आलं होतं, मघाशीच.

"न्हाई अजून," अंजना ओरडली.

फुलाबाई आत गेली. दाराआड कधीची भरून ठेवलेली पिशवी घेऊन ती बांधापर्यंत आली आणि ती तिने लेकीच्या खांद्याला अडकवली.

"मग सर आनखी मागं," ती म्हणाली. "सडकेपातुर सर."