थंड प्लग आणि नांदेडचं स्थळ

नांदेडचं स्थळ येणार होतं त्या रविवारी मी गॅरेज बंद ठेवलं नाही. गॅरेज खाली आहे, घर वर आहे. पाहुणे आले की वर जाता येतं. महादेवी, म्हणजे माझी बायको, म्हणाली की निदान शर्ट तरी बदला. मी बदलला.

मला पोरगी द्यायचीच नव्हती. हे मी कुणाला बोललो नव्हतो, पण लातुरात आमच्या समाजात सगळ्यांना माहीत होतं. आधीच्या एका मुलाला मी नाही म्हणालो, कारण तो क्लचवर पाय ठेवून गाडी चालवत होता. उदगीरच्या मुलाला नाही म्हणालो, कारण त्याच्या चुलत्यानं आमच्या दारात उगाच हॉर्न वाजवला. वर्षाराणी गॅरेजमधलं स्पेअर पार्टचं काउंटर बघते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही बापलेक उघड्या इंजिनासमोर बसून चहा पितो आणि ते इंजिन कुणी बिघडवलं असेल यावर बोलतो. ती गेली तर मी कुणाशी बोलणार? महादेवी इंजिनाबद्दल बोलत नाही.

पाहुणे दिसायच्या आधी मला ऐकू आले. आमच्या गल्लीला चढ आहे. चढावर जोर दिला की गाडी ठसकत होती, आणि ठसक्यांच्या मधे आतून बारीक खडखड येत होती. टर्बो पेट्रोल गाडी, आणि प्लगमध्ये गडबड. मला लई बरं वाटलं.

मुलाचं नाव अमरनाथ. नांदेडला त्यांचं शेतीपंपाचं दुकान आहे. सोबत त्याचे वडील ईश्वरप्पा आणि आई. फोडणीच्या मुरमुऱ्याच्या सुशीलेच्या बशा पुढं आल्या, वर्षाराणी येऊन बसली, आणि मी पहिलाच प्रश्न विचारला.

"गाडी ठसकायली का?"

"हाव मामा," अमरनाथ म्हणाला. "अहमदपूरपासून जास्तच."

"पेट्रोल भेसळीचं असल," ईश्वरप्पा म्हणाले.

"न्हाई बाबा. टर्बोचा दाब वाढवून घेतला तवापासून हाय. दाब वाढवला तर प्लग थंड टाका म्हणून सांगितलं होतं त्या माणसानं. म्या टाकले थंड."

"थंड म्हंजे फ्रिजात ठेवतात काय?" महादेवीनं विचारलं.

पाहुणे हसले नाहीत, कारण त्यांनाही नीट माहीत नव्हतं. मग मी समजावून सांगितलं. टर्बो सिलिंडरमध्ये हवा कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, आग जास्त. थंड प्लग आपल्या टोकाची उष्णता लवकर इंजिनाला देऊन टाकतो, म्हणून टोक लाल होत नाही. गरम प्लग ती धरून बसतो, आणि मग ठिणगी पडायच्या आधीच पेट घेतो.

"म्हंजे आमच्या ह्यांच्यावानी," अमरनाथची आई म्हणाली.

ईश्वरप्पांनी सुशीला खाल्ली.

थोड्या वेळानं महादेवी म्हणाली, मुलामुलीला काय बोलायचं असेल ते बोलू द्या, गच्चीवर जाऊ द्या. गच्चीवर जुने टायर पडलेत, पाय ठेवायला जागा नाही. तेव्हा ती दोघं खाली गाडीपाशी गेली. त्यांच्या मागं मीही गेलो. अशा वेळी एकांत द्यायचा असतो हे मला कळतं. पण बॉनेट उघडायला कुणीतरी लागतंच. बॉनेट वर्षाराणीलाही उघडता येतं, हेही मला कळतं.

इंजिन निवेपर्यंत आम्ही तिघं स्टुलांवर बसलो. मी मधे बसलो.

"किती नंबरचा प्लग टाकला?" वर्षाराणीनं विचारलं.

"आठचा. आधी सातचा होता. मोठा नंबर म्हंजे जास्त थंड, असं वाचलं होतं."

"कंपनी तीच का?"

"न्हाई. आधीचे जपानी होते. हे जर्मन हायेत."

वर्षाराणीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं. त्या जपानी कंपनीत नंबर वाढला की प्लग थंड होतो. जर्मन कंपनीत नंबर वाढला की गरम. दोघांनी ठरवून उलटं केलेलं नाही, पण झालंय उलटं. या मुलानं थंड समजून चांगला गरम प्लग बसवला होता आणि तसाच नांदेडहून आला होता.

मी तिन्ही सिलिंडरचे प्लग काढले. टोकाजवळची चिनीमाती चुन्यासारखी पांढरी पडली होती, वर बारीक ठिपके. आणखी काही दिवसांत पिस्टनला भोक पडलं असतं. गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती टोकाची फट, तीही त्यानं बघितली नव्हती; प्लग डबीतून निघाला तसा बसवला होता. गॅप चांगला एक मिलिमीटरच्या वर. दाब वाढला की ठिणगीला एवढी लांब उडी जमत नाही. गाडी ठसकत होती ती गॅपमुळं, आणि खडखडत होती ती गरम प्लगमुळं.

आता मला फक्त एक गोष्ट हवी होती. अशी चूक निघाली की माझ्या दारात येणारा माणूस पेट्रोलपंपाला शिव्या देतो, नाहीतर ज्यानं प्लग विकला त्याला, नाहीतर मला. या मुलानं कुणालाही एक शिवी दिली की मी वर जाऊन सांगणार होतो की जमत नाही. मी प्लग त्याच्या हातात दिला, दोन कंपन्यांचे नंबर उलटे असतात ते सांगितलं आणि वाट बघितली.

त्यानं तो उजेडात धरून बराच वेळ बघितला.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "कंपनी बदलली तर नंबर बदलतो का, एवढं विचारायला पायजे होतं. विचारलं न्हाई. आई-बाबाला ह्यात बसवून आणलं म्या."

हे तो माझ्याशी बोलला नाही, तिच्याशी बोलला. मला फार वाईट वाटलं. वर्षाराणी त्याच्याकडं बघत होती. प्लगकडं बघतच नव्हती.

"मला घरात करमत न्हाई," ती म्हणाली. "लग्न झाल्यावरबी मी काउंटरवर बसणार."

"बसा की. दुकानात पंपाचे पार्ट लई हायेत. कोणचा कुठं हाय ते कुणालाच माहीत न्हाई."

ती उठून आठ नंबरचे तीन जपानी प्लग घेऊन आली. गॅप लावायला मी ते हातात घेतले. डबीतून पॉइंट आठचा येतो, त्या गाडीला पॉइंट सहा पाहिजे होता. तसाच ठेवला असता तर गाडी नांदेडच्या वाटेवर लोहा गावाच्या अलीकडं पुन्हा ठसकली असती. ईश्वरप्पा म्हणाले असते, सोयऱ्याला गाडी कळत नाही, सोयरीक नको. हा विचार माझ्या डोक्यात आला आणि पहिला प्लग बराच वेळ माझ्या हातात राहिला. पण त्या गाडीत अमरनाथची आई बसून जाणार होती आणि रस्त्यावर उसाचे ट्रक होते. मी तिन्ही प्लगांचा गॅप बरोबर पॉइंट सहा लावला आणि ते ट्रेमध्ये ठेवले.

वर्षाराणी कपाटाशी गेली आणि गॅप मोजायची पट्टी घेऊन आली.

ती काउंटरवर बसायला लागल्यापासून तिचं काम मी तपासतो. माझं काम तिनं कधी तपासलं नव्हतं. तिनं पहिला प्लग उचलला, पट्टी घालून बघितली, खाली ठेवला. दुसरा उचलला. तिसरा. तिन्ही बरोबर होते. मग अमरनाथला बॅटरीचा उजेड धरायला सांगून तिनं ते आपल्या हातानं बसवले.

मी जिना चढून वर गेलो. महादेवी दारातच उभी होती. मी तिला सांगितलं, पोरगी नांदेडची झाली.